वाचताना कळतं, पेपरात आठवत नाही: अकरावीच्या जीवशास्त्राचं काय करायचं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, विज्ञानात चांगले गुण, आता अकरावी सायन्सला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेत. बायोचा धडा तीन-चार वेळा वाचतेस, वाचताना सगळं समजतं, महत्त्वाच्या ओळी रंगवतेस. पण चाचणीचा पेपर समोर आला की काही सुचत नाही. इंग्रजी नावं तोंडात बसत नाहीत. घरचे आणि मैत्रिणी म्हणतात, बायो म्हणजे घोकंपट्टी, आणि तुझं पाठांतर पहिल्यापासून कच्चं. म्हणून तू विचारतेस की पाठांतर कसं वाढवू, की बायो सोडून नुसतं गणितच ठेवू.

मी तालुक्याच्या गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात वीसहून जास्त वर्षं जीवशास्त्र शिकवते. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं तुझ्यासारखीच, मराठी माध्यमातून आलेली. त्यांना पाहून मला खात्रीने सांगता येतं की तुझ्या स्मरणशक्तीत काही बिघाड नाही. तुझ्याकडे दोन वेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतल्या आहेत. पहिली, तू माहिती डोक्यात घालतेस, पण ती बाहेर काढायचा सराव कधीच करत नाहीस. दुसरी, आत काय घडतंय हे डोळ्यांपुढे उभं राहण्याआधी तू त्याची नावं पाठ करायला बसतेस. भाषेची अडचण आहे, पण ती या दोन्हींपेक्षा लहान आहे.

काही गोष्टी तुझ्या परिस्थितीवर अवलंबून राहतील, त्या आधीच सांगते. तुला फक्त बोर्डाची परीक्षा द्यायची आहे, सीईटी द्यायची आहे की वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा, यावर मेहनतीचा प्रकार बदलतो. बोर्डात लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचं. तिथे आकृती काढून, वाक्यं लिहून उत्तर द्यावं लागतं. सीईटीच्या पीसीबी (भौतिक, रसायन, जीव) गटात जीवशास्त्राचे १०० प्रश्न, सगळे पर्यायी, चुकीला गुण कापत नाहीत. नीटमध्ये ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, आणि चुकलं की एक गुण जातो. तुमच्या कॉलेजात प्रात्यक्षिकं खरोखर होतात की जर्नल नुसतं उतरवून घेतात, यानेही फरक पडतो. तुझ्या हाताशी दिवसाला तास आहे की तीन, हे मला माहीत नाही. तरी पुढे जे सांगते ते या सगळ्यांना लागू पडेल, कारण ते शिकण्याच्या मुळाशी आहे.

आधी वाचण्याबद्दल. चौथ्यांदा वाचताना धडा सोपा वाटतो, कारण वाक्यं ओळखीची झालेली असतात. ओळख पटणं आणि स्वतः आठवून सांगता येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. स्कूटरवर मागे बसून एखाद्या गावाला दहा वेळा गेलं तरी एकट्याने जायची वेळ आली की दुसऱ्याच फाट्यावर अडायला होतं. पेपरात तुझं तेच होतंय.

यावर अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून नंतर उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच वाटते. आपल्याला जास्त लक्षात राहील, असा भरवसा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. म्हणजे वाचताना जे 'कळलं, कळलं' वाटतं, त्या वाटण्यावर अभ्यास बेतायचा नाही.

मग करायचं काय? एका बैठकीत धड्याचा एकच भाग घे, तीन-चार पानांपेक्षा जास्त नको. एकदा नीट वाच. पुस्तक बंद कर. कोरा कागद घे आणि आठवेल ते लिही, बाण काढ, आकृती काढ, मराठी-इंग्रजी जसं सुचेल तसं. पहिल्या वेळी अर्धा कागदही भरणार नाही आणि फार वाईट वाटेल. तिथे पुस्तक उघडू नकोस, अजून पाच मिनिटं झगड. मग पुस्तक उघडून लाल पेनने राहिलेलं भर. तो लाल भाग म्हणजे तुझा खरा अभ्यास. बाकीचं तुला येतंच होतं. तीन-चार दिवसांनी त्याच भागाचा पुन्हा कोरा कागद, आणि मग दहा-पंधरा दिवसांनी एकदा. दिवस काटेकोर पाळायची गरज नाही, पण थोडं विसरायला झालेलं असताना आठवायचा प्रयत्न व्हायला हवा. आजच वाचलं आणि आजच पाच वेळा लिहिलं, याचा तेवढा उपयोग नाही.

आकृत्यांनाही हेच लागू. पुस्तक समोर ठेवून सुबक काढलेली आकृती जर्नलमध्ये छान दिसते, पण ती डोक्यात जात नाही. न बघता काढ, वेडीवाकडी येऊ दे, मग ताडून बघ.

आता दुसऱ्या अडचणीकडे येते, आणि इथे जरा जास्त थांबणार आहे, कारण 'बायो म्हणजे घोकंपट्टी' हा समज इथूनच येतो. पुस्तकात गोष्टी वाक्यामागून वाक्य अशा मांडलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक वाक्य सुटं पाठ करायचं आहे असं वाटतं. खरं तर त्यातली बरीचशी वाक्यं एकमेकांना धरून असतात. उदाहरण तुमच्याच पुस्तकातल्या झुरळाचं घेऊ. झुरळाचं रक्त रंगहीन असतं, हे एक वाक्य. झुरळाच्या अंगात श्वासनलिकांचं जाळं असतं, हे दुसऱ्या परिच्छेदातलं वाक्य. रक्ताभिसरण खुलं असतं, हे तिसरं. तिन्ही वेगवेगळी पाठ करशील तर तिन्ही वेगवेगळी विसरशील. आता स्वतःला विचार, रक्त रंगहीन का चालतं? कारण ऑक्सिजन वाहून न्यायचं काम त्या रक्ताकडे नाहीच. श्वासनलिका हवा थेट ऊतींपर्यंत पोचवतात. मग हिमोग्लोबिन कशाला हवं? आणि ऑक्सिजन पोचवायची घाई नसल्यामुळे रक्त बंद नळ्यांतून जोरात फिरवायचीही तेवढी गरज उरत नाही. तीन वाक्यांची एकच साखळी झाली. साखळीचं एक टोक हाताला लागलं की बाकीचं मागे येतं.

प्रकाशसंश्लेषण हे याचं सर्वांत चांगलं उदाहरण. मी दरवर्षी अकरावीच्या वर्गात एक प्रश्न विचारते: शेतात उभ्या असलेल्या उसाचं एवढं वजन कुठून आलं? समीकरण सगळ्यांना पाठ असतं, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, त्यापासून ग्लुकोज आणि ऑक्सिजन. तरी बहुतेक हात वर येतात ते 'मातीतून', 'खतातून' असं सांगायला. शेतकऱ्यांची मुलं आहेत, घरात रोज खत-पाण्याच्याच गोष्टी चालतात, त्यामुळे ते साहजिकही आहे. पण याचा अर्थ असा की समीकरण डोक्याच्या एका कप्प्यात आहे आणि ऊस दुसऱ्या.

मग मी त्यांना व्हॅन हेल्माँट या शास्त्रज्ञाचा प्रयोग सांगते. त्याने मोठ्या कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती घेतली, त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं. माती वाळवून पुन्हा तोलली तर ती जेमतेम २ औंस कमी भरली, म्हणजे साठ ग्रॅमच्याही आत. हे १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापून आलं. झाड मातीतून बनत नाही हे त्याने दाखवून दिलं, आणि मग निष्कर्ष काढला की ते पाण्यापासून बनतं. हवेचा विचार त्याच्या मनात आला नाही, कारण पान हवेतला वायू शोषून घेतं ही कल्पनाच तेव्हा नव्हती. मुलांच्याही मनात तो येत नाही. उसाच्या वाळलेल्या वजनातला कार्बन हवेतून आला, आणि हवेत कार्बन डायऑक्साइड असतो जेमतेम ०.०४ टक्के, हे ऐकल्यावर वर्ग गप्प होतो. ते गप्प होणं मला हवं असतं. कारण पुढचा प्रश्न मग मुलंच विचारतात: एवढ्या कमी वायूवर ऊस एवढा कसा वाढतो?

इथून तुझ्या पुस्तकातलं सर्वांत धास्तीचं पान, सी-३ आणि सी-४ वनस्पती, आपोआप उघडतं. पानात कार्बन डायऑक्साइड पकडणारं विकर (एन्झाइम) म्हणजे रुबिस्को. त्याची अडचण अशी की ते कधी कधी कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच धरतं, आणि ऊन तापलं की हे जास्त होतं. मग बनवलेल्या मालातला काही कार्बन वाया जातो. त्याला फोटोरेस्पिरेशन म्हणतात. ऊस, मका, ज्वारी, बाजरी यांनी यावर वेगळी व्यवस्था केलेली आहे. बाहेरच्या पेशींत दुसरंच विकर, पेप कार्बोक्सिलेज, वायू पकडतं. ते ऑक्सिजनच्या नादी लागत नाही. तिथे चार कार्बनचा पदार्थ तयार होतो, तो शिरांभोवतीच्या पेशींत नेला जातो, तिथे कार्बन डायऑक्साइड पुन्हा सोडला जातो आणि रुबिस्को तिथे बसलेलं असतं. त्याच्याभोवती वायू दाट झाला, की ऑक्सिजन धरायची चूक कमी होते. चार कार्बनचा पहिला पदार्थ, म्हणून सी-४. शिरांभोवती पेशींचं कडं, म्हणून क्रान्झ रचना; क्रान्झ म्हणजे जर्मन भाषेत फुलांचं कडं. हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात हा मार्ग मांडला तो उसाच्या पानांवर काम करूनच.

आता पुस्तकातला सी-३ आणि सी-४ मधला फरकांचा तक्ता बघ. दोन विकरं, दोन प्रकारच्या पेशी, पहिला पदार्थ, तापमान, फोटोरेस्पिरेशन आहे की नाही. एकेक ओळ पाठ करायची गरज उरत नाही; रुबिस्कोची ती एक खोड आठवली की तक्ता तू स्वतः मांडू शकतेस. तुमच्याकडे ज्वारी उन्हात तग धरते ती कशी, यामागच्या अनेक कारणांतलं एक तुला कळलेलं असतं. गहू, भात, सोयाबीन, कापूस ही सी-३ पिकं, हेही मग पीक डोळ्यांपुढे आणून लक्षात ठेवता येतं.

म्हणून प्रत्येक भाग वाचताना चार प्रश्न मनाशी धर: हे कुठे घडतं, काय आत येतं आणि काय बाहेर जातं, हे कशामुळे घडतं, आणि हे झालं नाही तर काय बिघडेल. शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा. मूत्रपिंडात दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते दीड लिटरच्या आसपास. हे दोन आकडे पाठ करून सोडून देऊ नकोस. ते द्रव परत शोषलं गेलं नाही तर काय होईल, विचार. थोड्याच वेळात माणूस कोरडा पडेल. मग नेफ्रॉनच्या, म्हणजे मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळणीच्या, नळीचा प्रत्येक वळसा कशासाठी आहे ते वाचायला तुझं मन तयार होतं.

पेशीविभाजनाबद्दल वेगळं लिहिते, कारण अकरावीतला बहुतेकांचा पाय इथे अडकतो आणि बारावीची सगळी आनुवंशिकता यावर उभी आहे. प्रोफेज, मेटाफेज, अ‍ॅनाफेज, टेलोफेज ही नावं मुलांना येतात. लेप्टोटीन, झायगोटीनसुद्धा तोंडपाठ असतात. पण विचारलं, की माणसाच्या पेशीत डीएनए दुप्पट झाल्यावर गुणसूत्रं किती, तर उत्तर येतं ९२. उत्तर ४६ आहे. डीएनए दुप्पट झाला, प्रत्येक गुणसूत्राला दोन क्रोमॅटिड, म्हणजे दोन हुबेहूब धागे, झाले, पण ते अजून एका सेंट्रोमिअरपाशी जोडलेले आहेत, आणि गुणसूत्रं सेंट्रोमिअर मोजून मोजतात. ९२ होतात ती अ‍ॅनाफेजमध्ये, सेंट्रोमिअर फुटल्यावर, तीही थोड्याच वेळासाठी. हे एकदा नीट बसलं नाही तर पुढे डीएनएचं प्रमाण आणि गुणसूत्रांची संख्या यांवरचा प्रत्येक प्रश्न अंदाजाने सोडवावा लागतो.

याला वाचन पुरत नाही, हात लागतात. घरातली लाल आणि निळी लोकर घे. एक लांब जोडी, एक आखूड जोडी. लाल आईकडून आलेलं, निळं वडलांकडून. म्हणजे तुझ्या पेशीत चार गुणसूत्रं. प्रत्येकाचा हुबेहूब दुसरा धागा काप आणि दोघांना एका बटणाने मध्ये बांध. बटण म्हणजे सेंट्रोमिअर. आता जमिनीवर खडूने पेशी काढ आणि आधी मायटोसिस, म्हणजे साधं विभाजन, कर. प्रत्येक पायरीवर थांबून मोठ्याने सांग: गुणसूत्रं किती, क्रोमॅटिड किती. मग तीच लोकर घेऊन मिओसिस, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं विभाजन, कर. पहिल्या विभाजनात जोडीतले दोघे दूर जातात, बटणं सुटत नाहीत. दुसऱ्यात बटणं सुटतात. एवढा एक फरक हाताने केला की संख्या कधी निम्मी होते ते पुन्हा पाठ करावं लागत नाही. लाल लांब आणि निळं आखूड एका बाजूला गेलं तर काय, दोन्ही लाल एकीकडे गेली तर काय, हेही करून बघ. दोन जोड्यांत चार प्रकारच्या युग्मकपेशी (अंडपेशी किंवा शुक्राणू) मिळतील. माणसाच्या २३ जोड्यांत हाच हिशेब ८३ लाखांच्या वर जातो, आणि त्यात जनुकांची अदलाबदल धरलेलीच नाही. सख्ख्या बहिणी सारख्या का नसतात, याचं उत्तर तुझ्या जमिनीवर पडलेलं असेल.

कॉलेजात कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड करायला मिळाली तर ती सोडू नकोस. पाण्याच्या ग्लासवर कांदा ठेवून घरीही मुळं काढता येतात. कांद्यात १६ गुणसूत्रं असतात. त्या स्लाइडमध्ये बहुतेक पेशी विभागताना दिसत नाहीत, आणि हेच बघायचं असतं: पेशीचा बराचसा काळ इंटरफेजमध्ये, म्हणजे दोन विभाजनांच्या मधल्या अवस्थेत, जातो. पुस्तकातल्या आकृतीत सगळ्या अवस्था सारख्या जागेत बसवलेल्या असल्यामुळे हा अंदाज कधी येत नाही.

लोकरीचा खेळ बालिश वाटेल, पण पुढच्या वर्षी सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार शिकताना याची किंमत कळेल. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट या भागांत हा आजार घराघरांत माहीत आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. अनेक जण याचा अर्थ असा घेतात की एक मूल आजारी झालं, आता पुढची तीन सुखरूप. पुनेट चौकोन (आई-वडिलांच्या युग्मकांच्या जोड्या मांडायचा तक्ता) काढता येणारी मुलंही असंच सांगतात. प्रत्येक वेळी युग्मकं नव्याने बनतात आणि नव्याने एकत्र येतात, हे ज्याने हाताने धागे वेगळे केले आहेत त्याला पटवून द्यावं लागत नाही. हे चुकलं तर पेपरातला गुण जाईलच, पण एखाद्या घराचा निर्णयही चुकू शकतो. म्हणून मी यावर वर्गात वेळ घालवते, अभ्यासक्रम मागे पडला तरी.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर काही भाग पाठच करावा लागतो. सृष्टी, संघ, वर्ग, त्यांची उदाहरणं, हाडांची संख्या, संप्रेरकांची नावं. आणि नेमकी अकरावीच्या पुस्तकाची पहिली चार प्रकरणं सजीवांची ओळख, वर्गीकरण, वनस्पतिसृष्टी आणि प्राणिसृष्टी यांची आहेत. प्रवेश लांबतात, वर्ग उशिरा सुरू होतात, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलीच्या अंगावर पहिल्याच महिन्यात लॅटिन नावांचा ढीग येतो. तुझं बायोबद्दलचं मत त्या महिन्यात बनलं असणार, असा माझा अंदाज आहे. माझ्या हातात असेल तेव्हा मी पेशीच्या प्रकरणापासून सुरुवात करते आणि वर्गीकरण थोडं थोडं वर्षभर पसरते. तूही घरी तसं करू शकतेस. कॉलेजच्या क्रमाला बांधील राहायची गरज नाही.

वर्गीकरण पाठ करतानाही नमुना डोळ्यांपुढे आण. पावसाळ्यात विहिरीच्या कठड्यावर हिरवी मखमल दिसते ते मॉस. त्याचा हिरवा भाग एकगुणित असतो, म्हणजे पेशीत गुणसूत्रांचा एकच संच. शेजारी दगडाच्या फटीत नेचा असेल. त्याचं पान उलटं करून तपकिरी ठिपके बघ, बीजाणू तिथे तयार होतात. नेच्याचा हिरवा भाग मात्र द्विगुणित, दोन संचांचा. दोन्ही हिरवी, दोन्ही ओलाव्यात, दोन्हींना फूल नाही, तरी जीवनचक्रातला मुख्य टप्पा उलटा. एवढं एक बघितलंस तर ब्रायोफायटा (मॉसचा गट) आणि टेरिडोफायटा (नेच्याचा गट) यांत गोंधळ होणार नाही. कोकणात किनाऱ्याला सुरूची झाडं बघितली असशील तर ती सूचिपर्णी समजू नकोस. सुरू ही सपुष्प वनस्पती आहे. अशा फसव्या नमुन्यांची स्वतःची यादी कर, ती छापील यादीपेक्षा जास्त लक्षात राहते. उरलेलं वहीत तक्त्यांत मांड, तक्त्याचा एक रकाना झाकून आठवून भर. रोज पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नको.

आता भाषेचं. आठवी-नववीत तू पेशीभित्तिका, तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, रिक्तिका शिकली आहेस. ती चित्रं तुझ्याकडे आहेत. इंग्रजी नाव त्या चित्राला चिकटवायचं आहे, नव्याने विषय शिकायचा नाही. म्हणून विचार मराठीतच कर, कोऱ्या कागदावर मराठीतच लिही, आणि शेवटी त्यातली दहा-बारा इंग्रजी नावं स्पेलिंगसह पाच वेळा हाताने लिही. मग तोच परिच्छेद चार छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहून बघ. लांब, वळणदार वाक्यांना बोर्डात गुण नाहीत. योग्य शब्द, योग्य क्रम आणि आकृती यांना आहेत. नीट देणार असशील तर ती मराठीतूनही देता येते, पण तयारीचं बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे, हे लक्षात घेऊन लवकर ठरव. दोन्हींमध्ये अधांतरी राहणं सर्वांत महागात पडतं.

नोट्सबद्दलही विचारायचं तुझ्या मनात असेल, कारण पुढचा प्रश्न बहुतेक तोच असतो. सर वर्गात सांगतात आणि मुलं उतरवून घेतात, हा प्रकार मला मनापासून नको वाटतो. त्या तासाला मुलांचा हात चालतो आणि डोकं बंद असतं. तुमच्याकडे असंच असेल तर त्याच्याशी भांडण्यात शक्ती घालवू नकोस, उतरवून घे, पण संध्याकाळी ती वही बंद ठेवून कोरा कागद काढ. पुस्तकातली ओळ न् ओळ वाचा, असं क्लासवाले सांगतात, ते नीटसाठी चूक नाही. प्रश्न खरोखरच पुस्तकातल्या वाक्यांना धरून येतात. पण ओळ वाचायची ती साखळी तयार झाल्यावर. आधी ओळी, मग समज, असा क्रम धरला तर तुझं आत्ता झालंय तेच होतं. चार गाइड, दोन क्लासचे संच आणि मोबाइलवरचे व्हिडिओ एकाच वेळी नकोत. व्हिडिओ बघून जे 'कळलं' वाटतं तेही वाचनासारखंच फसवं असतं. बघून झाला की लगेच कागद.

चाचणीचे पेपर परत मिळाल्यावर गुण बघून ठेवून देऊ नकोस. प्रत्येक चुकीपुढे लिही: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, की आठवलं पण प्रश्नच नीट वाचला नाही. पहिल्या प्रकाराला वाचन, दुसऱ्याला कोरा कागद, तिसऱ्याला जुने पेपर वेळ लावून सोडवणं. मुली सगळ्यांवर एकच औषध करतात, पुन्हा वाचन. तुझ्या प्रश्नावरून मला वाटतं तुझ्या बहुतेक चुका दुसऱ्या प्रकारच्या निघतील. पण हे तुझा पेपरच सांगेल.

आणि बायो सोडायचं का? चाचणीच्या गुणांवर हे ठरवू नकोस, निदान आत्ता नाही. आतापर्यंत तू ज्या पद्धतीने अभ्यास केलास त्याची ती परीक्षा झाली, विषयाची अजून झालेलीच नाही. दोन प्रकरणं, पेशीविभाजन आणि प्रकाशसंश्लेषण, वर सांगितलं तसं करून बघ. महिना-दीड महिना लागेल. त्यानंतरही 'हे असं का' असा प्रश्न तुझ्या मनात स्वतःहून येत नसेल, आणि गणित सोडवताना मात्र वेळ कसा गेला कळत नसेल, तर गणिताकडे जा, त्यात काही कमीपणा नाही. फार्मसी आणि कृषी पदवीला गणित किंवा जीवशास्त्र, कोणत्याही गटातून जाता येतं. बीएस्सी नर्सिंग, फिजिओथेरपी, वैद्यकीय यांपैकी काही मनात असेल तर जीवशास्त्र लागेलच. दोन्ही विषय ठेवणंही शक्य आहे, पण मग प्रवासात किती वेळ जातो, घरी किती काम असतं, हे घरच्यांशी मोकळेपणाने बोलून ठरव, कारण चार मोठे विषय ओढणं वेळेचंच गणित आहे. तुमच्या कॉलेजात विषय बदलायची मुदत कधी संपते ते मात्र उद्याच ऑफिसात जाऊन विचार. दीड महिना हाताशी आहे की नाही, ते त्यावरून ठरेल.